बारमाही हिरवा पट्टा

गेल्या महिन्यात पिंपळे सौदागरला आमच्या सोसायटीशेजारच्या प्लॉटवर नव्या टॉवरचं खोदकाम सुरू झालं. पहिले काही दिवस पोकलेननं माती आणि मुरूम भराभर उपसला. मग खाली काळा कातळ लागला आणि ब्रेकर आला. तेव्हापासून आमच्या फडताळातली भांडी दिवसभर आपसांत बोलत असतात.

अशाच एका दुपारी शेजारची सहावीतली मुलगी आमच्या जेवणाच्या टेबलावर आफ्रिकेतल्या देशांचे झेंडे रंगवत बसली होती. शाळेचा प्रोजेक्ट. घानाचा काळा तारा झाला, केनियाची ढाल झाली, मोझांबिकची बंदूकसुद्धा झाली. (हो, त्यांच्या राष्ट्रध्वजावर खरोखर बंदूक आहे.) मग तिनं स्केचपेन खाली ठेवलं. "काका, हा झेंडा अर्धवट छापलाय. यात काहीच नाहीये."

कागदावर चार आडवे पट्टे होते. वरून लाल, निळा, पिवळा, हिरवा. ना तारा, ना सूर्य, ना पक्षी, ना भाला. खाली नाव लिहिलं होतं: मॉरिशस.

म्हटलं, बाई गं, झेंडा पुरा आहे. आणि आत्ता खिडकीबाहेर जो दगड फुटतोय ना, तो आणि हा देश एकाच चुलीवर शिजलेत. तिनं माझ्याकडे पाहिलं ते असं, की प्रोजेक्टचे मार्क आता गेलेच!

पण खरंच तसं आहे. आधी त्या देशाचा आकार डोळ्यांसमोर आणा. सगळी बेटं धरून क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. पुणे जिल्ह्यात असे सात मॉरिशस बसवले तरी जागा उरेल. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, आणि २०११च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवडची होती सव्वासतरा लाख! आपल्या महापालिकेहून कमी माणसांचा हा देश आफ्रिकी संघाचा सदस्य आहे, पण आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून तो जवळजवळ दोन हजार किलोमीटर लांब, मादागास्करच्याही पलीकडे. आणि या आफ्रिकी देशात गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते. गणपतीत तिथे झाकरी नाचतात. झाकरी म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपल्या रत्नागिरीकडची जाखडी.

आता चुलीचं सांगतो. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या पायाखालची जमीन इथे नव्हतीच. भारताचा अख्खा तुकडा तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. सरकता सरकता तो पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त ठिकाणावर आला. जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा वर आला, पसरला, थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. थरावर थर. सह्याद्रीत या थरांची जाडी काही ठिकाणी दोन किलोमीटरपर्यंत भरते. ताम्हिणीत किंवा माळशेजला कड्यांवर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या हेच थर. आमच्या शेजारच्या खड्ड्यातला काळा कातळ त्यातलाच.

भारत पुढे निघून गेला. पण चूल? ती तिथेच राहिली. शिलाई मशीन आठवा. सुई जागच्या जागी खालीवर होते आणि कापड सरकत जातं, म्हणून कापडावर टाक्यांची ओळ उठते. पृथ्वीचं कवच म्हणजे कापड, ती चूल म्हणजे सुई. पहिला भलामोठा टाका पडला तो आपलं दख्खनचं पठार. मग मालदीव आणि चागोसच्या खालची समुद्रात बुडालेली डोंगररांग. मग ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस. आणि आजचा टाका? मॉरिशसपासून सव्वादोनशे किलोमीटरवरचं रियुनियन बेट. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही वरचेवर लाव्हा ओकतो. भूगर्भशास्त्रात आज बहुतेकांना मान्य असलेलं चित्र हे असं आहे. म्हणजे पुढे मजुरीला गेलेला कोकणातला माणूस मॉरिशसला पोचून शेतातले दगड उचलू लागला, तेव्हा त्याच्या हातात आला तो घरच्याच जातीचा काळा दगड. हे त्याला कुणी सांगितलं असेल का? त्या काळी कुणालाच माहीत नव्हतं.

दगड झाला, आता कापडाकडे येऊ. झेंड्यांच्या बाबतीत एक गंमत असते. रंग आधी येतात आणि अर्थ मागून. १९०६ साली ब्रिटिश राजानं मॉरिशसला, तेव्हाच्या आपल्या वसाहतीला, एक राजचिन्ह दिलं. त्याच्या ढालीवर गलबत, तीन ताडाची झाडं, एक किल्ली आणि एक तारा. दोन्ही बाजूंना उसाची कांडी घेऊन उभे दोन प्राणी. एकीकडे डोडो, जो डचांनी पाय ठेवल्यापासून शंभर वर्षांच्या आत नामशेष झाला होता. दुसरीकडे सांबर, ज्याचे पूर्वज डचांनीच जावा बेटावरून आणले होते. म्हणजे एक पाहुण्यांनी संपवलेला आणि एक पाहुण्यांनी आणलेला! असा विनोद कुणी ठरवून केला नसेल. पण त्या चिन्हात लाल, निळा, पिवळा आणि हिरवा हे चारही रंग आधीपासून नांदत होते. स्वातंत्र्याच्या वेळी गलबत गेलं, किल्ली गेली, डोडो गेला, आणि झेंड्यावर उरले नुसते रंग.

हे चार पट्टे आखण्याचं श्रेय दिलं जातं गुरुदत्त मोहेर यांना. चित्रकार नव्हे, सेनापती नव्हे. प्राथमिक शाळेतले शिक्षक. ९ जानेवारी १९६८ रोजी लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्समध्ये या झेंड्याची नोंद झाली आणि १२ मार्चला तो फडकला. मोहेर गुरुजी २०१७ साली वारले. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१८च्या मार्चमध्ये, सरकारनं टपाल तिकीट काढून त्यांचा मान केला. पन्नास वर्षं रोज डोक्यावर फडकणारी वस्तू कुणी केली हे विचारायला देश एवढा उशीर लावतो, याचं मला आश्चर्य वाटत नाही. झेंड्याकडे बघताना शिंप्याची आठवण कुणाला येते?

आणि गुरुजींच्या चित्रात एक नियम सरळ मोडलेला आहे. युरोपात ढालींवर चिन्हं रंगवणाऱ्यांचा जुना दंडक असा, की गडद रंगाला गडद रंग चिकटवू नये. मध्ये पिवळा किंवा पांढरा हवा. कारण अगदी व्यवहारी होतं. धुळीत, लांबून, घोड्यावरून आपला कोण नि परका कोण हे ओळखू आलं पाहिजे. आपल्या टॅक्सीची पाटी पिवळ्यावर काळी का असते? तेच कारण. मॉरिशसच्या झेंड्यात निळा आणि हिरवा यांच्यामध्ये पिवळा आहे, ते नियमाला धरून. पण वर लाल आणि निळा एकमेकांना थेट खेटून बसलेत. हा झेंडा संध्याकाळी उतरवायच्या सुमाराला पाहिला तर डोळा आणखी एक खेळ करील. उजेड कमी होऊ लागला की आपल्या डोळ्याला लाल रंग सगळ्यात आधी काळवंडलेला दिसतो, निळा-हिरवा मात्र टिकून राहतो. खोटं वाटत असेल तर सोसायटीच्या बागेतली लाल जास्वंद दिवेलागणीला बघा. फूल काळं पडतं आणि पानं अजून उजळ दिसत असतात. तसाच तो वरचा लाल पट्टा रोज सगळ्यात आधी मावळत असणार.

आफ्रिकेच्या झेंड्यांवर लाल, पिवळा, हिरवा हे त्रिकूट इतकं का दिसतं, हेही मुलीनं विचारलंच. त्याचं मूळ इथिओपियाच्या झेंड्यात. १८९६ साली अडवाच्या लढाईत इथिओपियानं इटलीच्या फौजेला धूळ चारली. युरोपच्या तावडीतून सुटलेला तो देश बाकीच्यांना आदर्श वाटला. मग ६ मार्च १९५७ रोजी घाना स्वतंत्र झाला तो हेच रंग घेऊन, आणि पाठोपाठ गिनी, माली, सेनेगल, कॅमेरून. मॉरिशसच्या चार पट्ट्यांतले तीन याच कुळातले वाटतात, पण मॉरिशसनं त्यांना दिलेले अर्थ अगदी निराळे. जाता जाता एक सांगून टाकतो. हिरवा, केशरी-पिवळा, लाल अशा तीन पट्ट्यांचा एक झेंडा आपल्या पुण्यातही जपून ठेवलाय, केसरी-मराठा ग्रंथालयात. मादाम कामांनी १९०७ साली जर्मनीत स्टुटगार्टला भारताचा म्हणून फडकावलेला तो हा झेंडा. इथिओपियाशी त्याचा संबंध जोडायला जाऊ नका, योगायोग आहे. पण काय योगायोग आहे!

आता एकेक पट्टा.

लाल, म्हणजे स्वातंत्र्यासाठीचा झगडा. हा शब्द कुठल्याही झेंड्याला लावता येतो, म्हणून मी तो तपासून पाहिला. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. उसाच्या मळेवाल्यांना फुकटातले हात मिळेनासे होणार हे आधीच दिसत होतं, म्हणून २ नोव्हेंबर १८३४ रोजीच 'अ‍ॅटलस' जहाजातून कलकत्त्याहून ३६ भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले होते. गुलामीऐवजी करार. आपल्या लोकांच्या तोंडी त्या 'अ‍ॅग्रीमेंट'चं झालं गिरमिट. हा ब्रिटिशांचा प्रयोग होता, आणि तो 'यशस्वी' झाला. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांवर माणसं त्या बंदरात उतरली. त्यांतली काही गलबतं मुंबईहून सुटलेली, आणि त्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची कुटुंबं. बंदरातल्या दगडी पायऱ्या आजही आहेत. सोळा आहेत. आप्रवासी घाट म्हणतात, २००६पासून जागतिक वारसा. दगड अर्थात काळाच.

दगड उलटला की खाली सोनं सापडतं, अशी थाप मारून माणसं नेली, ही गोष्ट मॉरिशसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सोनं नव्हतं, दगड मात्र मुबलक होते. शेत मोकळं करायला मजुरांनी ते वेचले आणि त्यांचे ढीग घातले. उसाच्या हिरव्या रानात उभे असलेले ते काळे ढीग अजून दिसतात. आणि लाल पट्ट्याला खरोखर रक्त लागलेलं आहे. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल इथल्या उसाच्या मळ्यावर संपकरी मजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला. मेलेल्यांमध्ये अंजले कूपन ही गरोदर तरुणी होती. आज तिच्या नावानं तिथे क्रीडासंकुल आहे.

निळा, म्हणजे हिंदी महासागर. जरा थांबा. दुसऱ्या देशाच्या झेंड्यावर आपल्या देशाच्या नावाचा समुद्र! मॉरिशसची जमीन दोन हजार चौरस किलोमीटर, पण ज्या सागरी क्षेत्रावर तो हक्क सांगतो ते सुमारे २३ लाख. जमिनीच्या हजार पटींहून जास्त पाणी! हिशेबानं झेंडा काढायचा ठरवलं असतं तर सगळं कापड निळंच लागलं असतं, आणि बाकीच्या तीन रंगांना एक धागासुद्धा आला नसता. त्या पाण्यातून गेलेल्या माणसांनी सोबत काय नेलं? १८९६ साली आँरिएता गावात भिवाजी कुटुंबानं गणपती बसवला, तो मॉरिशसमधला पहिला, असं तिथे मानतात. 'भिवाजी' हे आपल्याकडे माणसाचं नाव. तिथे ते आडनाव झालंय. बापाचं, आजाचं नाव कारकुनानं कागदावर टिपलं आणि घराण्याला चिकटलं. मूळ आडनाव पाण्यात गेलं, नाव तेवढं तरलं.

पिवळा, म्हणजे स्वातंत्र्याचा नवा प्रकाश. कागदावर हा सगळ्यात साधा अर्थ. पण तो उजाडला कसा ते बघा. १९६७च्या ऑगस्टमधल्या निवडणुकीत जवळजवळ ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्यांना पडली होती. १९६८च्या जानेवारीत पोर्ट लुईत दंगल पेटली, ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं, समारंभाला यायच्या राजकन्येचा दौरा रद्द झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, शाँ द मार्स या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, भर दुपारी बारा वाजता हे कापड वर चढलं. म्हणून मला त्या चार पट्ट्यांच्या सारख्या रुंदीचं फार कौतुक वाटतं. कुणाचं चिन्ह मध्यभागी नाही, कुणाचा पट्टा बोटभरही मोठा नाही. त्या मुलीला अर्धवट वाटलं ते हेच. मधली जागा कुणालाच दिलेली नाही. आणि १२ मार्च ही तारीख? १९३०मध्ये याच दिवशी गांधीजी साबरमतीहून दांडीला निघाले होते. ते स्वतः १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना मॉरिशसला उतरून गेले होते.

राहिला हिरवा. माझा लाडका. सरकारी अर्थ असा: मॉरिशसची शेती, आणि वर्षाचे बाराही महिने टिकणारा तिचा रंग.

बारा महिने! आपल्याकडच्या माणसाला यातली चैन लगेच कळते. आपला डोंगर आषाढात हिरवा होतो, अश्विनात पिवळा आणि पौषात खाकी. तुकाईच्या टेकडीवर होळीला गेलात तर हिरवं म्हणून काय दिसतं? मॉरिशसच्या शेतीत सत्ता उसाची. तोडणी साधारण जूनपासून पुढे पाच-सहा महिने, पण एकदा लावलेला ऊस लगेच मुळासकट काढत नाहीत, खोडव्यावर खोडवा घेत जातात. एका फडात कोयता चालू असताना शेजारच्या फडाला कोवळं पान फुटलेलं. म्हणून बेट कधी उघडं पडत नाही. नीट पाहिलं तर वरचा लाल आणि खालचा हिरवा ही एकाच कांडीची दोन टोकं आहेत. ज्यानं घाम आणि रक्त काढलं तोच ऊस, आणि ज्यानं देश हिरवा राखला तोही तोच.

पण उसाला बारमाही पाणी देतं कोण? वारा. मॉरिशसवर वर्षभर आग्नेयेकडून समुद्राचा ओला वारा वाहतो. बेटाच्या मध्यावरच्या पठाराला तो अडतो, वर चढतो, गार होतो आणि पाऊस सांडतो. तिथल्या उन्हाळ्यात वादळी पाऊस असतो तो वेगळा. पुण्याला वर्षात सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, तोही चार महिन्यांत गर्दी करून. मॉरिशसची सरासरी दोन हजारांच्या घरात, आणि कमीजास्त होत का होईना, बारा महिन्यांत वाटलेली.

आणि इथे ती खरी कमाल येते. हा आग्नेयेचा वारा येतो कुठून? मॉरिशसच्या दक्षिणेला समुद्रावर हवेच्या जास्त दाबाचा एक प्रचंड पट्टा असतो. त्याचं नाव मास्करिन हाय. मॉरिशस, रियुनियन, रॉड्रिग्ज ही मास्करिन बेटं, आणि नाव पेद्रो मास्कारेन्यस या पोर्तुगीज दर्यावर्दीचं. गोव्यात हे आडनाव आजही भेटतं. त्या जास्त दाबाच्या पट्ट्यात हवा वरून खाली दाबली जाते आणि पंपातून सुटावी तशी उत्तरेकडे लोटली जाते. आपल्या उन्हाळ्यात हा पंप जोर धरतो. पृथ्वी फिरते म्हणून दक्षिण गोलार्धात वारा वाटचालीच्या डावीकडे कलतो आणि उत्तर गोलार्धात उजवीकडे. त्यामुळे आग्नेयेकडून निघालेला तो वारा विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वळण घेतो, अरबी समुद्रावरून जास्तीचं पाणी उचलतो आणि जूनमध्ये आपल्याकडे येतो तो नैर्ऋत्येकडून.

ओळखलंत ना? नैर्ऋत्य मोसमी वारा! शाळेत आपण दोन वेगळी नावं दोन वेगळ्या धड्यांत पाठ केली, पण वाहणं एकच. मॉरिशसचा हिरवा पट्टा जो वारा राखतो, तोच पुढे येऊन सह्याद्रीला धडकतो, पवना धरण भरतो, आणि पिंपळे सौदागरच्या नळाला पाणी येतं. मान्सूनचा अंदाज बांधणारे लोक एप्रिलपासून मास्करिन हायकडे डोळे लावून असतात ते उगाच नाही. त्या बेटाजवळ पंप मंदावला, तर इथे टँकर मोजायची वेळ येऊ शकते.

हे सगळं ऐकून त्या मुलीनं काय करावं? तिनं हिरवं स्केचपेन उचललं, शेवटचा पट्टा कडेपर्यंत नीट भरला आणि खाली बाणानं लिहिलं, "बारा महिने." बाकीच्या तीन रंगांचे अर्थ लिहायला जागा पुरली नाही. मग खाली उतरून ती शेजारच्या प्लॉटच्या पत्र्याबाहेर पडलेला मुठीएवढा काळा दगड घेऊन आली. प्रोजेक्टला चिकटवायला. फेव्हिकॉलनं तो काही बसला नाही, शेवटी दोऱ्यानं बांधला.

तुमच्याही घरी कुणी झेंडे रंगवत असेल, तर ही एक वेळ लिहून ठेवा. मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे चालतं. १२ मार्चला आपल्याकडे दुपारचा दीड वाजतो, तेव्हा पोर्ट लुईत बरोबर बारा वाजलेले असतात.